कूप

जिज्ञा, दिवा जवळ घे.
भिंग डोळ्यांवर ओढ.
मी श्वास सोडला की सुई घाल, घेताना नको.
हात थरथरतोय? थरथरू दे.
मनगट माझ्या गालावर टेकव म्हणजे झालं.

तीस वर्षं या दांडिया बाजारात,
खाली सेव-उसळीची गाडी, वर आपला जिना.
इतक्या जवळून पाहिल्या मी दुसऱ्यांच्या हनुवट्या
की रस्त्यात बाई भेटली
की आधी हनुवटी आठवते, नाव मागाहून.
माझी तेवढी राहिली.
हात पोचतो गं तिथे,
पण आरशात डावं उजवं होतं आणि कोन चुकतो.

तू फॉलिकल म्हणतेस, कोर्समध्ये शिकवलं तसं.
मी कूप म्हणते. केशकूप.
विहीर आपण खणत नाही, ती असतेच.
केसाच्या अंगाला अंग लावून उतरायचं,
नवलखी वावेत उतरतो तसं, भिंतीला धरून,
आणि तळ लागला की थांबायचं.
मला टोचलं, तर तू चुकलीस.

गॅल्व्हॅनिक म्हणजे संथ करंट.
बाईच्याच अंगातलं मीठ, तिच्याच अंगातलं पाणी,
त्यांचा तिथल्या तिथे क्षार होतो
आणि मूळ त्यात विरतं.
थर्मोलिसिस म्हणजे नुसती धग,
डोळा लवायच्या आत चालू, आत बंद.
ब्लेंड म्हणजे दोन्ही एकाच सुईत.

ब्लेंड मी निरंजनाबेनसाठी वापरलं.
चौतीस वर्षं पहाटे साडेचारला उठून,
न्हाणीघरातल्या बल्बखाली, चिमट्याने.
उपटून उपटून सगळे कूप वाकडे झालेले.
वाकड्या विहिरीत सुई पोचत नाही, क्षार पोचतो.
नवऱ्याला कधी कळलं नाही म्हणे.
त्याचं तेरावं झालं आणि पंधराव्या दिवशी
हा जिना चढून आल्या.
म्हणाल्या, ताई, आता मला
सहा वाजेपर्यंत झोपायचंय.

आणि हो, आपली पाटी.
पेंटरने शब्द मागेपुढे केले,
"कायमचे केस काढून मिळतील."
समोरचा लेसरवाला आठवडाभर हसला.
त्याच्या पाटीवर बारीक अक्षरात लिहिलंय, "कमी होतील".
मी बदलली नाही. पैसे वाचले, हे एक.
दुसरं असं, की इथे येणाऱ्या प्रत्येकीला
स्वतःचे केस कायमचेच वाटत असतात.

कायमचं एका दिवसात होत नाही, हे आधीच सांगत जा.
काही केस वाढीला लागलेले असतात,
काही मूळ सोडत असतात,
काही निजलेले, वर त्यांचा पत्ताही नसतो.
निजलेला आज सापडत नाही,
तो तीन महिन्यांनी वर येतो, जणू काही झालंच नाही असा.
मग बाई रडते, म्हणते तुम्ही फसवलंत.
तिला चहा दे, भांडू नकोस.
तो नवा पाहुणा आहे, जुना परतलेला नाही,
हे तिला पटायला दीड वर्ष लागतं.

हं. घाल आता.

...लागलं नाही. पुढे.
पायाखालचं बटण दाब, मोज मनात.
आता चिमटा. ओढायचं नाही.
ओढ लागली तर तो अजून जिवंत आहे,
परत आत जा, परत करंट दे.
सुटलेला केस हातात आपण होऊन येतो,
लोण्यातून निघावा तसा.

आला?
भिंगाखाली धर. खाली ओलं चकचकीत काही दिसतंय?
ते मूळ. शाब्बास.

काय म्हणालीस, पांढरा?
बघू.

मी काळा समजत होते.
इतकी वर्षं बोटाला लागायचा, तेव्हा काळाच लागायचा.
लेसरला पांढरा दिसत नाही, सुईला रंग नसतो,
हेही कोर्समध्ये असेल तुझ्या.

वही घे. नवं पान.
खानविलकर, शालन. वय अठ्ठावन्न.
बैठक पहिली.
फी लिही, लिही गं, सवय लागू दे.
आणि तो शेजारचा घे,
तुझा हात आता थांबलाय.