बरणी सत्तावीस

पाषाणच्या टेकडीकडे पाठ करून
आमची वाढखोली:
सोळा तास उजेड, आठ तास अंधार,
आणि पंचवीस अंशांवर अडलेला एकच ऋतू.

बरण्यांत अगरवर बसलेत उसाचे कॅलस,
भिजवलेल्या साबुदाण्याचे गोळे जणू,
ना मूळ, ना पान.
अर्धे उजेडात.
उरलेल्यांना इंदूबाई खिलारे फॉइल गुंडाळतात,
डब्यातल्या पोळ्यांना गुंडाळावी तशी,
कडा नखानं दाबून.

दर सोमवारी दोन्हींतले थोडे काढते,
बर्फावर खलते, गाळते,
ग्वायाकॉल टाकते, वर पेरॉक्साइडचा थेंब.
उजेडातला अर्क बघता बघता विटकरी होतो.
अंधारातला
घड्याळ लावून बसले तरी
फिकटच, कालच्या चहाचं धुवण.
वजनाला मात्र अंधारातले जास्त भरतात.
मी ते वहीत लिहिते, दोनदा मोजून.
इंदूबाईंना वजनकाटा लागत नाही.
"सुजलेत," म्हणतात, "अंगी लागलेलं नाही."

गुरुवारी वीज गेली.
पुण्यात गुरुवारी वीज जाते
हे शेंबड्या पोरालाही ठाऊक,
टायमरला नाही.
वीज आली तसं त्याचं घड्याळ शून्यावर गेलं
आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर
त्यानं खोलीभर सकाळ केली.
वॉचमनचा फोन. मी पोचले,
चपला बाहेर काढल्या, थंड फरशी,
आणि रॅकच्या मागच्या बाजूला
सत्तावीसच्या फॉइलला टाचणीएवढं भोक.

सोलून बघितलं.
पांढऱ्या गोळ्यावर, बरोबर भोकासमोर,
एक हिरवा ठिपका.
मोहरीएवढा. त्याहून लहान.
म्हणजे कित्येक दिवस
उजेडाची एक काडी आत जात होती
आणि आत कुणीतरी ती मोजून घेत होतं.

वैशंपायन मॅडम म्हणाल्या, कंट्रोल बिघडला,
ऑटोक्लेव्ह करून टाका.
बरोबरच आहे त्यांचं.

इंदूबाईंनी बरणी ट्यूबलाइटखाली धरली,
मान तिरकी करून, उजव्या डोळ्यानं.
डाव्यात मोतीबिंदू पिकलाय;
ससूनची तारीख दिवाळीनंतरची.
"भोक माझ्याच नखाचं," म्हणाल्या.
फडकं पिळलं, वाळत घातलं.
मग दारातून: "नीट दाबायला हवं होतं."
आणि हसल्या की काय, कळलं नाही.

वहीत सत्तावीसपुढे लिहिलंय: वगळली.
बरणी वरच्या रॅकवर आहे, कोपऱ्यात,
नंबर खोडलेली.
काल ठिपक्याला टोक आलं.
वजन केलेलं नाही.