दहाचा बूट

हॉस्टेलवर शिकलो मी तीन पत्ती.
तिथं शंभराची नोट नुसती वाजवली
तरी पोरं पानं टाकायची,
मेसचं बिल आठवून.
भीती विकायची, एवढाच धंदा.

इथं तासगावात,
बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजबाहेर, रात्रपाळीत,
उलट्या क्रेटवर डाव.
बूट दहाचा.
कॉम्प्रेसर घरघरतो आणि कुणीच पॅक करत नाही.

पहिल्याच आठवड्यात
दुर्री, पंजी, नव्वी हातात धरून
चेहरा दगडाचा केला, तीनदा वाढवलं.
इलाही ड्रायव्हर आला. सर्जेराव हमाल आला.
पायगोंडा तर पानं न बघताच आला,
तंबाखू मळत.
शेवटी अठ्ठीच्या जोडीवर
सर्जेराव सगळं घेऊन गेला.
म्हटलं, अठ्ठीवर एवढा कसा थांबलास?
"तुझ्याकडं काय हाय ते बघायचं हुतं."

तेव्हा कळलं,
ही माणसं डाव विकत घेत नाहीत,
बघणं विकत घेतात.
दिवसभर दुसऱ्याच्या पेट्या उचलून
दहा रुपयांत एवढं तरी दिसावं.

मग थाप बंद.
फालतू पानं पहिल्याच फेरीत खाली,
आणि मी चहा गाळायला उठायचो.
चांगली आली की लाजायचं नाही,
पहिल्यापासून भरून चाल.
ते देणारच. हसत देणार.
इलाही पेटून वाढवायला लागला
की आडवं जायचं नाही,
घाटात भरल्या ट्रकमागं गाडी ठेवावी
तसं मागं मागं राहायचं.
महिन्यात सायकलचे दोन्ही टायर निघाले.

सौद्याच्या आदल्या रात्री
तीन सत्त्या आल्या.
जन्मात पहिल्यांदा.
वीस टाकले, हात कापू न देता,
तर इलाही म्हणाला, "ह्यो बोलला. पळा!"
सर्जेरावनं पानं फेकलीच.
पायगोंडा त्या डावाला गेट उघडायला गेलेला.
तिघांचा बूट. तीस रुपये.
त्यातले दहा माझेच.
सत्त्या मी गड्डीत खुपसल्या,
कुणाला दाखवल्या नाहीत.

म्हणजे आता माझी थाप चालणार होती.

पुढच्या डावात चव्वी, छक्की, गुलाम.
हॉस्टेलचा चेहरा काढला, शंभर टाकले.
इलाही पळाला. सर्जेराव पळाला.
उरला पायगोंडा,
गेटवरून नुकता आलेला, कानाला मफलर.
त्याची पानं पालथीच,
पंख्यानं उडू नयेत म्हणून
वर किल्ल्यांचा जुडगा.
"किती झालं?" त्यानं विचारलं
आणि खिशात हात घातला.