शेवटचा फॉर्मा

नमस्कार. माईक चालू आहे ना?
मी सुलक्षणा चुरी. मी खून करते,
लहान लहान, बारा-पंधरा पानांचे,
बहुतेक मुलुंड आणि भांडुपच्या मधे,
कारण तिथले जिने मला पाठ आहेत.

हा माझा चौथा कथासंग्रह. प्रकाशक मीच.
गोदाम म्हणजे दिवाणाखालचा कप्पा,
जिथे आधी पाहुण्यांच्या गाद्या असत.
आता पाहुणे येत नाहीत.
मुखपृष्ठावरचा हात माझ्या भाच्याचा,
रक्त म्हणजे कोकमाचं आगळ.

या पुस्तकाबद्दल फार बोलणार नाही.
आमच्या धंद्यात जो जास्त बोलतो
तो दुसऱ्या पानावर पकडला जातो.
मी तिसऱ्या संग्रहाचं सांगते.
तो ज्यांनी घेतला होता, ते इथे असतील
तर कृपया हात वर करू नका.

तीनशे प्रती. एकशे शहात्तर पानं, अकरा फॉर्मे.
डोंगरीच्या नूरुद्दीन बायंडरकडे त्या आठवड्यात
लग्नपत्रिकांची घाई. अकरावा फॉर्मा
लावायचाच राहिला.
शेवटची कथा एकशे साठाव्या पानाच्या तळाशी
‘इन्स्पेक्टर वळला आणि म्हणाला, दार’
इथे थांबली.
पुढे पुठ्ठा.

मला पत्ता नाही. मी विकत हिंडले.
नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर, मध्यंतरात, वड्याच्या रांगेत;
सोसायटीच्या हळदीकुंकवाला, वाणाच्या स्टीलच्या वाट्यांशेजारी;
दाताच्या डॉक्टरकडे, जिथे माणसं पळून जाऊ शकत नाहीत.
एकशे चाळीस प्रती गेल्या.
प्रत्येकीवर सही करून खाली लिहिलं,
‘शेवट कुणाला सांगू नका.’

कुणी सांगितला नाही.

उलट, भेटले की म्हणत, वाचलं हो, छान जमलंय.
तिसऱ्या मजल्यावरच्या नेरूरकर वहिनी तर
कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या,
‘शेवट अगदी अंगावर येतो.’
मी तो दिवस डायरीत लिहून ठेवला.

पाच महिन्यांनी एक फोन. विक्रोळी, कन्नमवार नगर.
‘मी धोंडू बागवे. बाई, दारामागं कोण होतं?’

मी गुडघ्यांवर बसून कप्पा उघडला.
एक प्रत काढली, मग दुसरी, मग तिसावी.
दार. दार. दार.

पुढचा हिशोब माझा मीच केला,
त्याला इन्स्पेक्टर लागत नाही.
एकशे चाळीस संशयित, एक फोन.

नूरुद्दीनकडे अकरावा फॉर्मा सापडला,
न दुमडलेला, कटिंग मशीनच्या खाली.
वरच्या दोन-तीन कागदांवर कुणीतरी भजी खाल्ली होती.
एक स्वच्छ कागद घेऊन मी विक्रोळीला गेले.

बागवेंनी तो हातात घेतला नाही.
‘ठेवा तिथं. आधी माझं ऐका.’
फोर्टातल्या एका इमारतीत छत्तीस वर्षं लिफ्टमन.
म्हणाले, ‘जाळीतून मी लई माणसं बघितली.
मागं कुणी असलं की माणूस “दार” म्हणत नाही,
नाव घेतो. दारामागं कुणीच नव्हतं, बाई.
ज्यानं मारलं, तो खोलीतच बसलाय.
तो पाणी मागतो ना, एकशे बावन्न पानावर?’

मी ते पाणी सहज मागवलं होतं.
प्रसंग रेंगाळत होता म्हणून.

माझ्या कागदावरचा खुनी दारामागेच होता.
तो कागद घडी घालून मी परत पर्समध्ये ठेवला.
बागवेंनी काही विचारलं नाही, चहा टाकला.

तर हा चौथा संग्रह. किंमत एकशे ऐंशी.
या वेळी प्रत्येक प्रतीचे फॉर्मे मी स्वतः मोजलेत,
रात्रीचे, दाराला कडी लावून.
पहिली प्रत बागवेंनी घेतली, पैसे देऊन,
सुट्टे नव्हते तर वीस रुपये माझ्याकडे राहिलेत.

पुस्तकं त्या टेबलावर आहेत.
माझा फोन नंबर आत छापलाय.
पहिल्या पानावर शोधू नका.