मिठाचं पाणी

बोरखेडीच्या माळावर संशोधन केंद्राचा गोठा.
चाळीस करडं, कानात पिवळे बिल्ले.
चिमट्याचा आवाज वाळली पऱ्हाटी मोडावी तसा,
एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

त्याआधी सुई.
विसांना दुखणं मारायची दवा,
विसांना मिठाचं पाणी.
कुणाला काय, ते मॅडमच्या लिफाफ्यात बंद.
मला माहीत नसावं, असा नियम.

पण बकऱ्यांत वाढलेल्या माणसाला
लिफाफा कशाला लागतो?
सतरा नंबर भिंतीकडे तोंड करून उभं,
तुरीचं कुटार पुढ्यात तसंच,
दात खातंय बारीक, जात्यात खडा आल्यागत.
तक्त्यात रकाने चार: चालणं, बसणं, चरणं, ओरडणं.
ते ओरडत नाही.
ओरडणं शून्य, मी लिहिलं.

माझा बाप आसपासच्या गावांतले गोऱ्हे ठेचायचा.
दोन दगड, एक दोर, वरून हळद.
"जनावराले काय समजते," म्हणायचा,
आणि त्या रात्री जेवायचा नाही.

चरडे मॅडमना विचारलं,
"समद्यायले दवा काहून नाही देत?"
चष्मा पुसत म्हणाल्या,
"तानबा, मग दवेनं थांबलं
की आपल्यालाच तसं वाटलं, कसं कळणार?
या विसांनी सोसलं
तर उद्या गावोगावी चिमट्याआधी सुई येईल."
बरोबरच होतं.
म्हणून भांडताही आलं नाही.

रात्री तीनला सतराच्या पाठीवर हात ठेवला.
बराच वेळ.
दात थांबले.
रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं:
तीन वाजता हात ठेवला.

सकाळी मॅडमनी ते दोनदा वाचलं.
सतरावर लाल रेघ ओढली. मोजणीतून बाद.
मग कपाट उघडून खरी बाटली काढली.
"आता याला द्यायला हरकत नाही," म्हणाल्या,
माझ्याकडे न बघता.

म्हणजे हात लागला की जनावर हिशेबाबाहेर,
आणि हिशेबाबाहेर गेलं
की दवा.

आज मॅडम वर्ध्याला गेल्यात.
कंदिलाएवढा एक बल्ब, त्याभोवती किडे.
अठरा कुटार हुंगून मागं सरकलंय.
तेवीसही. तिकडे कोपऱ्यात छत्तीस.
पेन खिशात ठेवतो, पुन्हा काढतो.

गव्हाणीच्या कडेला
दोन्ही हात मांडीखाली दाबून
बसलोय.