कडी

भुसावळला मे महिन्यात
दाराची कडीसुद्धा फडक्यानं धरावी लागते.
अशाच एका दुपारी हेमकांतनं
घरातले सगळे बोर्ड उघडून
आत काडेपेटीएवढ्या डब्या बसवल्या
आणि बापाच्या हातात दिली एक पाटी,
तळहातात मावणारी, कुशीत काडी खोचलेली,
त्याच्या हापिसातून बाद झालेली.
"आता उठायचं नाही, बाबा.
इथं टेकवा, तिथं लागेल."

मला वाटलं, हे चिडतील.
उजवं अंग लुळं पडल्यापासून
बसून करायच्या प्रत्येक गोष्टीवर चिडतात.
पण हसले, अर्ध्या तोंडानं जमतं तेवढं.
"अरे, मी एकतीस वर्षं दुसरं काय केलं?
केबिनमध्ये ओढायचो,
पाऊण मैलावर सिग्नलचा हात पडायचा.
मधे तार होती, तेवढाच फरक.
उन्हानं सैल पडायची, मग ताणून घ्यायची.
तुह्या डब्यांना ऊन लागतं का?"
"नाही."
"लागेल. भुसावळ आहे."

मग दोन दिवस बापलेक कागद घेऊन बसले.
टाकी रिकामी तर कूलरचा पंप लागायचा नाही.
मागचं दार उघडं तर अंगणातला दिवा विझायचा नाही.
हेमकांत म्हणाला, घराला एवढे नियम कशाला?
"दोन गाड्या एका रुळावर येऊ नयेत म्हणून."
"घरात कुठल्या गाड्या?"
"तुही माय आणि मी."

प्रत्येक वस्तूला नंबर दिला.
देवघरातला दिवा एक. मोटार सात.
कूलर सतरा.
आमच्या घरात सतरा वस्तू नाहीत,
पण केबिनमधला सतरा नंबर सगळ्यात जड,
पाय रोवून, अंग मागं टाकून ओढावा लागे.
आता डाव्या हातातल्या काडीनं नुसतं शिवतात
आणि तरीही
कंबर किंचित मागं जाते.
मी पाहिलंय.

आठवड्यातून एकदा मी कूलर धुते.
तिन्ही ताट्या काढायच्या, तळातला गाळ उपसायचा,
कोपरापर्यंत हात पाण्यात.
आधी खाटेवरून हाक येते,
"लाइनवर कोण?"
कोण असणार? मी.
"नंबर दे."
मी तोंडाला येईल तो देते. चौतीस. एकसष्ट.
हे तो जुन्या वहीत लिहितात, वेळेसकट.
मग खिशातून ती लोखंडी कडी काढून
पाटीवर ठेवतात.
रुळावर माणसं काम करत असली
की लिव्हरच्या मुठीत घालायचे ती.
कडी घातली की साहेबाचा बाप आला
तरी ओढायचा नाही.
मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीत
फालकांच्या सुनेनं ओल्या हातानं...
म्हणून मी हसत नाही. नंबर देते.

एक गोष्ट मात्र मला खटकायची.
मी कूलर धुवायला बसले
की नेमकी वीज जाते.
दर वेळी. मी बोर्डाला शिव्या घालायची,
त्यांच्या भारनियमनाला, त्यांच्या वायरमनला.

परवा हात पाण्यात असतानाच फोन वाजला.
वाजतच राहिला. तशीच उठले,
निथळत आत गेले.
हेमकांत, पुण्याहून.
"आई, मी इथून कूलर लावून बघतोय,
लागत नाही. पाटीत काही बिघाड झालाय का?"

पाटी खाटेवर होती. कडी तिच्यावर.
हे खाटेवर नव्हते.

पडवीत मीटरच्या पेटीखाली
भिंतीला टेकून, एका पायावर उभे,
काठी खाली पडलेली,
घामानं बनियन पाठीला चिकटलेलं,
मेन स्विच खाली पाडून
डावा हात मुठीवर घट्ट.
किती दिवसांपासून, विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.
"काम संपलं का?" एवढंच म्हणाले,
माझ्याकडे न बघता.

फोनमधून पोरगं हॅलो हॅलो करत होतं.
मी परत गेले, राहिलेला गाळ उपसला,
ताट्या बसवल्या,
पदराला दोन्ही हात पुसले,
बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा,
आणि अंगणातूनच ओरडून
नंबर दिला.