गोदाम नंबर चार

दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम सरला
की हिलालशेठ आम्हाला किल्ली देतो.
भाडं नाही. अट एकच :
नवा माल आला की नाटक बाहेर.

तीनदा झाडलं, पाणी मारलं,
तरी गेल्या सालची मिरची भिंतीत मुरलेली.
पहिल्या अंकात सगळे शिंकतात.
दुसऱ्या अंकापर्यंत नाकं मरतात.
रडायचं असेल तर कोपऱ्यातल्या पोत्यांजवळ जायचं,
ग्लिसरिनचे पैसे वाचतात, असं भटू म्हणतो.
भटू हिशेब ठेवतो, हवालदार होतो,
आणि शेवटच्या प्रवेशात, मिशी काढून, देव.

लेखक मी. म्हणजे दिवसा काट्यावर बसतो,
गाड्यांची वजनं लिहितो, भरलेली, रिकामी,
आणि मधला फरक.
रात्री सदतीस पानांची वही काखेत मारून येतो,
चप्पल दाराबाहेर काढतो.
का, ते मलाही माहीत नाही.

दर दुसऱ्या शनिवारी आमचं लिहिणाऱ्यांचं मंडळ भरतं
रहेमत टेलरच्या दुकानात, शटर अर्धं ओढून.
सिंधू भदाणे, रिटायर नर्स, चार ओळींपुढे जात नाही :
"पाचवी ओळ म्हणजे त्याच जागी दुसरं इंजेक्शन."
रहेमतभाई शेर म्हणताना
मशीनवरचा पाय थांबवत नाहीत,
खाली कापड नसतानाही सुई चालत राहते.
तिथे मी तिसरा प्रवेश वाचला.
मुलगा सुरतेला निघतो, आई दारात :
'बाळ, परत कधी येशील?'
सगळे छान म्हणाले.
रहेमतभाईंनी फक्त दातानं दोरा तोडला.

आईचं काम कोकिळा बागूल करते, अंगणवाडीतली.
पोषण आहाराची रजिस्टरं मिटवून येते,
हाताला खिचडीचा वास.
चौथ्या तालमीला ती मध्येच थांबली.
"भाऊ, ही बाई कुठली?"
इथलीच, मी म्हटलं.
"मग हिला 'बाळ' म्हणायला कोणी शिकवलं?"
आणि दाराकडे वळून, पदर नाकाला लावून,
माझ्या सुरतेच्या पोराला म्हणाली :
'आते कव्हय येशी रे, पोऱ्या?'
कोणी शिंकलं नाही.

मी वहीतलं खोडलं नाही.
तिची ओळ बाजूला लिहिली, पेन्सिलीनं, बारीक.

धुळ्याच्या स्पर्धेत परीक्षक चहा ढवळत म्हणाले,
भाषेचं एकदा काय ते लेखकानं ठरवावं.
उत्तेजनार्थ मिळालं, प्रकाशयोजनेला.
तिच्यात दोन हॅलोजन होते
आणि एक सुपडूची बॅटरी.

मग नवरात्रात, शिंदखेड्याकडच्या एका गावात प्रयोग.
मी विंगेत वही घेऊन उकिडवा.
कोकिळा दारात आली आणि ओळ गेली.
डोळे माझ्याकडे.
मी शाईतली फेकली.
तिनं घेतली नाही.
परत फेकली. मंडपात पुढच्या बायका
एकमेकींकडे बघायला लागल्या.
पेन्सिलीचं त्या उजेडात दिसत नव्हतं,

आणि तोंडात तर ते कधीचंच नव्हतं.
कॉलेजच्या पहिल्या वर्षी वर्गात पोरं हसली,
त्याला अठरा वर्षं झाली.
आई फोनवर तिच्या बोलीत विचारायची,
मी अर्ज लिहावा तशी उत्तरं द्यायचो.
हल्ली फोन येत नाही.
कोणाचा येणार.

जीभ जड. कव्हय, म्हटलं.
आते कव्हय येशी...
प्रॉम्प्टरनं कुजबुजायचं असतं.
माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला.
लोकांना वाटलं, पोरगाच विचारतोय, आईला.
कोकिळेलाही तेच वाटलं असेल,
किंवा तिला काय कळायचं ते कळलं असेल.
विंगेकडे बघत ती म्हणाली,
'मी आठेच शे.'

हे वहीत नव्हतं.
अजून लिहिलेलं नाही.
कार्तिकात पहिली गाडी आली, लालभडक, ओलसर.
मीच वजन घेतलं तिचं.
संध्याकाळी शेठनं किल्ली मागितली,
आम्ही खुर्च्या बाहेर काढल्या.
भटूची मिशी मात्र सापडली नाही.
एखाद्या पोत्यात गेली असेल,
तोलून.