एकोणऐंशी

रुवीत चौथ्या मजल्यावर, सर्व्हरच्या खोलीत,
स्टुलावर मी. अंगात स्वेटर. बाहेर जून,
पार्किंगमधल्या गाड्यांच्या मुठी
रुमाल धरून उघडायच्या.
भाड्याची लाइन मालकांना परवडत नाही,
म्हणून दुक्मच्या गोदामातला फोन
साध्या इंटरनेटवरून आणायचा,
चारचौघांच्या रस्त्यानं, साडेपाचशे किलोमीटर.

एक्स्टेन्शन दोनशे सात.
तिकडे मकबूल तांबे, स्टोअरकीपर, मूळचे दाभोळकडचे.
वाजला. उचलला.
"हॅलो," ते म्हणाले.
"हॅलो," मी म्हणालो.
"हॅलो? हॅलो?"

माझा आवाज कुठे हरवला ते मला ठाऊक होतं.
गोदामातल्या फोननं स्वतःचा पत्ता कळवला होता:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, वीस.
घरातल्या घरात चालणारा पत्ता.
कुणी पत्रात लिहावं ना,
उत्तर मागच्या पडवीत खुंटीखाली ठेव.
पोस्टमन कोणाकोणाच्या पडव्या शोधणार?
त्यांचं मला येत होतं. माझं त्यांना नाही.

मोबाइलवर मेसेज टाकला:
मोजत राहा, थांबू नका, मी बघतोय.
'ऐकतोय' लिहायला हवं होतं.

ते मोजू लागले. मराठीत.
पस्तीस, छत्तीस, मध्ये एकदा खोकला,
मागे फोर्कलिफ्टचा भोंगा.
शहात्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर.
"च्यायला. उन्यासीला आपल्यात काय म्हणतात?"
आठ महिने पेट्या हिंदीत मोजलेल्या.
"ऐंशी," म्हणाले, एक पायरी गाळून,
आणि मग आकडे सोडूनच बोलत राहिले,
कोरड्या विहिरीत वाकून बोलावं तसे.

पोरीला सांगितलंय ऑफिस आहे. कंटेनर आहे.
फोन तेवढा ऑफिसचा, दिवाबिवा आहे त्याला.
मार्चात बारा ड्रम कमी उतरले.
सही माझी. विल्सन म्हणाला कर, मी केली.
आता ऑडिटवाला येणार म्हणतात.
काय सांगू त्याला? तूच सांग.
हे फोनला.

ऑडिटवाल्याचं टेबल माझ्या काचेपलीकडे.
टेबलावर त्याचा डबा, वर पालथी वाटी.
रस्त्याला अजून कुलूप घातलेलं नव्हतं,
वाटेत कुणीही ऐकू शकलं असतं.
ऐकलं मी.

सेटिंग एका ओळीचं असतं.
लिहिलेल्या पत्त्यावर जाऊ नकोस,
जिथून खरंच आलंय तिकडे पाठव.
ते सापडून दोन मिनिटं झाली होती.
मग मी एंटर दाबलं.

"हॅलो," मी म्हणालो.
"हां! आला आवाज. एकदम कानात आला."
जरा थांबून: "मगाशी काही ऐकू येत होतं का तुम्हाला?"
"नाही," मी म्हणालो.
दोन्ही बाजूंनी नीट पोचलेला पहिला शब्द.

"बरं झालं," ते म्हणाले. "पुन्हा मोजू?"
"मोजा."

या वेळी भराभर, खणखणीत,
शाळेत उभं राहून म्हणावेत तसे.
मी कागदावर नोंदी करत होतो:
उशीर नाही, तुटत नाही, घुमत नाही.
शहात्तर, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर,
आणि ते अडायच्या आधीच
माझ्या तोंडून गेलं,
"एकोणऐंशी."

तिकडून बराच वेळ काही आलं नाही.
लाइन चालू होती.
दिवा हिरवा.
फोर्कलिफ्टचा भोंगा स्वच्छ ऐकू येत होता.